दुर्बल हृदयाला विजेचा आधार : सिद्ध काय, प्रयोगात काय आणि बैहरसारख्या गावापर्यंत काय पोहोचते

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, सातपुड्याच्या मैकल रांगांतील पठारावर बैहर हे तहसिलीचे गाव वसले आहे. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार आणि मलाजखंडची तांब्याची खाण ही या भागाची बाहेरच्यांना ठाऊक असलेली ओळख. गोंड आणि बैगा हे येथील मूळ रहिवासी. जिल्ह्याच्या सखल भागात पोवारी आणि मराठी बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्याचा भाग होता. राज्याची सीमा पुढे बदलली, तरी दुखण्याखुपण्याची वाट मात्र बदलली नाही. हृदयाचा मोठा आजार निघाला की बैहरचा रुग्ण घाट उतरून बालाघाटला आणि तेथून गोंदिया किंवा नागपूरला जातो. बैहरला रेल्वे नाही. प्रवासाचा पहिला टप्पा रस्त्यानेच पार करावा लागतो.

या वाटेवरून जाणाऱ्या कुटुंबांच्या कानी अलीकडे एक नवी भाषा पडू लागली आहे. ‘यंत्र बसवा, विजेच्या झटक्याने हृदय सुधारेल’, असे त्यांना कोणी सांगतो. कोणी एखाद्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारतो, तर कोणी पायाला लावायच्या पट्ट्यांची जाहिरात दाखवतो. यातील काही उपचार पुरेपूर सिद्ध झालेले आहेत, काही अर्ध्या वाटेवर आहेत आणि काही प्रयोगातच थांबले. हा फरक समजला नाही, तर शेत गहाण ठेवून घेतलेला उपचार निरुपयोगी ठरू शकतो आणि खरोखर उपयोगी पडणारा उपचार हातचा जाऊ शकतो.

आजार कोणता

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराला हवे तेवढे रक्त पुढे ढकलण्याची हृदयाची ताकद कमी होणे, असा त्याचा अर्थ आहे. चालताना धाप लागते, रात्री आडवे झाल्यावर श्वास कोंडतो, पायांवर सूज येते आणि वजन दोन-तीन दिवसांत वाढते. डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला त्यातील किती टक्के रक्त बाहेर टाकतो, या मापाला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. निरोगी हृदयात ते साधारण ५५ टक्क्यांच्या वर असते आणि ४० टक्क्यांच्या खाली गेले की पंप दुर्बल झाला असे मानतात.

भारतातील ५३ रुग्णालयांतील १० हजार ८५१ रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदवहीतून या आजाराचे देशी रूप समोर आले. रुग्णांचे सरासरी वय साठीच्या आसपास होते, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील रुग्णांपेक्षा बरेच कमी. बहुतेकांच्या आजाराच्या मुळाशी हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळा होता. रुग्णालयात दाखल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत सुमारे १४ टक्के रुग्ण दगावले. दुर्बल पंप असलेल्या रुग्णांपैकी जेमतेम निम्म्यांनाच शिफारस केलेली औषधे पूर्णपणे मिळत होती. विजेच्या उपचारांची चर्चा करताना हा शेवटचा मुद्दा सतत ध्यानात ठेवावा लागतो.

आदिवासीबहुल भागात आणखी दोन कारणे दिसतात. लहानपणीच्या संधिवाती तापाने झडपा खराब होणे हे एक आणि सिकलसेल आजारामुळे हृदय व फुप्फुसांवर ताण येणे हे दुसरे. सिकलसेलच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. झडप अरुंद असेल तर ती उघडणे किंवा बदलणे हा उपचार असतो. तेथे विजेचे यंत्र मूळ दोष दूर करत नाही. म्हणून कोणत्याही यंत्राचा विचार करण्यापूर्वी आजाराचे कारण निश्चित होणे आवश्यक असते.

वीज हृदयात काय करते

हृदयाचा प्रत्येक ठोका हा विजेच्या सूक्ष्म लहरीने सुरू होतो. ही लहर वरच्या कप्प्यातील गाठीतून निघते, मधल्या गाठीत क्षणभर थांबते आणि हिस बंडल नावाच्या तंतूंच्या जुडग्यातून डाव्या-उजव्या फांद्यांवाटे खालच्या कप्प्यांत पसरते. डावी फांदी नादुरुस्त झाली की डाव्या कप्प्याची एक भिंत आधी आणि दुसरी नंतर आकसते. दोन माणसांनी एकच दोर वेगवेगळ्या वेळी ओढावा, तशी ताकद वाया जाते. ईसीजीच्या पट्टीवर हा दोष रुंद झालेल्या क्यूआरएस लहरीच्या रूपाने दिसतो.

या दोषावरचा उपाय म्हणजे सीआरटी, अर्थात दोन्ही बाजूंना एकाच वेळी स्पंद देणारा पेसमेकर. १९९४ मध्ये फ्रान्समध्ये अशा बहुकप्पी स्पंदनाचा पहिला वृत्तान्त प्रसिद्ध झाला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केअर-एचएफ या युरोपीय चाचणीत ८१३ रुग्ण होते. सुमारे अडीच वर्षांच्या काळात केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी ३० टक्के दगावले, तर यंत्र बसवलेल्यांपैकी २० टक्के. तेव्हापासून सीआरटी हा प्रयोग राहिलेला नाही. तो मान्य उपचार आहे. इजेक्शन फ्रॅक्शन ३५ टक्के किंवा त्याहून कमी, डाव्या फांदीचा अडथळा आणि क्यूआरएसची रुंदी १५० मिलिसेकंद किंवा अधिक, अशा रुग्णाला त्याचा सर्वाधिक लाभ होतो. तरीही सुमारे एकतृतीयांश रुग्णांत अपेक्षित सुधारणा दिसत नाही.

अचानक येणारा प्राणघातक ठोकादोष ओळखून झटका देणारे आयसीडी हे यंत्र वेगळे आहे. ते मृत्यू टाळते, पण पंपाची ताकद वाढवत नाही. घरच्यांच्या बोलण्यात ही दोन्ही यंत्रे ‘पेसमेकर’ या एकाच शब्दात मिसळतात. डॉक्टरांना नेमके नाव विचारून ते कागदावर लिहून घेणे म्हणूनच हिताचे ठरते.

स्पंद थेट हिस बंडललाच द्यावा, म्हणजे लहर निसर्गाच्याच वाटेने पसरेल, ही कल्पना माणसांत कायमस्वरूपी यंत्राच्या रूपाने प्रथम उतरवणाऱ्या पथकाचे प्रमुख प्रमोद देशमुख हे होते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात त्यांनी हे काम केले. २००० साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या लेखात फुगलेले हृदय आणि जुना एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या १८ रुग्णांची हकिकत आहे. त्यांपैकी १४ जणांत हिस बंडलला खात्रीने स्पंद देता आला आणि १२ जणांत कायमची तार बसली. या रुग्णांचे सरासरी इजेक्शन फ्रॅक्शन २० वरून ३१ टक्क्यांवर गेले. पुढे २०१७ मध्ये चीनमधील डॉक्टरांनी तार किंचित पुढे, डाव्या फांदीजवळ बसवण्याची पद्धत मांडली. ती करण्यास तुलनेने सोपी असल्याने भारतातही अनेक केंद्रांत ती रूढ होत आहे.

अरुंद लहरीच्या रुग्णांसाठी : सीसीएम

हार्ट फेल्युअरच्या बहुसंख्य रुग्णांत क्यूआरएस रुंद नसते. त्यांना सीआरटीचा उपयोग नाही. अशांसाठी कार्डिअ‍ॅक कॉन्ट्रॅक्टिलिटी मॉड्युलेशन, थोडक्यात सीसीएम, हा उपचार पुढे आला. यात दिलेला स्पंद ठोका सुरू करत नाही. स्नायू आधीच आकसू लागलेला असतो आणि नव्या स्पंदाला उत्तर देऊ शकत नाही, नेमक्या त्या क्षणी तुलनेने तीव्र विद्युतलहर सोडली जाते. त्यामुळे पेशींतील कॅल्शियमची हालचाल सुधारते आणि आकुंचन अधिक जोमदार होते. दिवसातील ठराविक तासच हे यंत्र काम करते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘ऑप्टिमायझर स्मार्ट’ या यंत्राला मार्च २०१९ मध्ये मान्यता दिली. तिचा मुख्य आधार असलेल्या चाचणीत १६० रुग्ण होते आणि त्यांचे इजेक्शन फ्रॅक्शन २५ ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान होते. रुग्णांची चालण्याची क्षमता आणि जीवनमान सुधारले. मात्र या उपचाराने आयुष्य वाढते, हे मोठ्या तुलनात्मक चाचणीत सिद्ध झालेले नाही. धाप कमी होणे हाही लाभच आहे, पण तो आयुष्य वाढण्यापेक्षा वेगळा आहे.

या यंत्राची बॅटरी रुग्णाला घरीच, साधारण आठवड्यातून एकदा, छातीवर चार्जर ठेवून भरावी लागते. शहरात ही किरकोळ बाब आहे. जेथे वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नसतो, अशा जंगलालगतच्या टोल्यावर हाच उपचाराचा सर्वांत कच्चा दुवा ठरू शकतो.

मज्जातंतूंच्या वाटेने : भारतात झालेला प्रयोग

दुर्बल हृदयात शरीराची ‘धावा किंवा लढा’ ही यंत्रणा सतत चेतलेली राहते आणि तिला आवर घालणारी व्हेगस मज्जातंतूची यंत्रणा मंदावते. बीटा ब्लॉकर गोळ्या पहिल्या यंत्रणेला लगाम घालतात. दुसरीला विजेने बळ देता येईल का, या प्रश्नातून व्हेगस उद्दीपनाचा उपचार जन्मला. मानेत व्हेगसभोवती इलेक्ट्रोड गुंडाळतात आणि गळपट्टीच्या हाडाखाली यंत्र ठेवतात. अपस्माराच्या रुग्णांसाठी असे यंत्र अमेरिकेत १९९७ पासून मान्य होते.

या उपचाराच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान भारतात लिहिले गेले. अँथम-एचएफ या नावाची चाचणी देशातील १० केंद्रांत पार पडली आणि तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात ६० रुग्ण होते आणि त्यांचे इजेक्शन फ्रॅक्शन ४० टक्के किंवा त्याहून कमी होते. सुमारे निम्म्यांना डाव्या आणि निम्म्यांना उजव्या बाजूने उद्दीपन दिले गेले. सुमारे १० आठवड्यांत मात्रा हळूहळू वाढवण्यात आली. सहा महिन्यांनंतर इजेक्शन फ्रॅक्शन सरासरी साडेचार टक्क्यांनी वाढले आणि सहा मिनिटांत रुग्ण पूर्वीपेक्षा पन्नासहून अधिक मीटर जास्त चालू लागले. आवाज बसणे, खोकला आणि घशात दुखणे हे त्रास झाले, पण ते बहुधा सौम्य होते.

या चाचणीत एक उणीव उघड होती. तुलनेसाठी यंत्राविना ठेवलेला गट नव्हता. मानेत यंत्र बसवलेल्या, वारंवार तपासल्या जाणाऱ्या आणि औषधे नियमित घेणाऱ्या रुग्णाला केवळ त्या देखरेखीनेही बरे वाटू शकते. त्याच सुमारास युरोपात ९६ रुग्णांवर झालेल्या नेक्टार-एचएफ चाचणीत हृदयाच्या आकारात फरक दिसला नाही. २०१६ मध्ये इनोव्हेट-एचएफ या ७०७ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. मृत्यू किंवा आजार बळावणे यांचे प्रमाण उद्दीपन मिळालेल्यांत ३० टक्क्यांच्या आसपास आणि इतरांत २६ टक्क्यांच्या आसपास होते. लाभाची शक्यता उरली नसल्याने ती चाचणी वेळेपूर्वी थांबवली गेली.

एकाच कल्पनेची अशी भिन्न फळे का मिळाली? तिन्ही चाचण्यांत विजेची मात्रा, तिची वारंवारता आणि ती देण्याची पद्धत वेगवेगळी होती. औषधाच्या गोळीप्रमाणे विजेलाही मात्रा असते आणि योग्य मात्रा अद्याप निश्चित झालेली नाही. भारतीय चाचणीतील मात्रेवर आधारलेली पुढची मोठी आंतरराष्ट्रीय चाचणीही ठरल्या टोकापर्यंत गेली नाही. त्यामुळे हार्ट फेल्युअरसाठी व्हेगसचे उद्दीपन आजही प्रायोगिकच आहे.

याच वाटेवरचा दुसरा उपचार मानेतील कॅरोटिड धमनीच्या दाबसंवेदी भागाला स्पंद देतो. ‘बॅरोस्टिम’ हे त्याचे यंत्र. अमेरिकेत त्याला ऑगस्ट २०१९ मध्ये मान्यता मिळाली. चालणे आणि जीवनमान सुधारते असे दिसले, पण दीर्घकालीन पाहणीत मृत्यू व आजार बळावण्याच्या एकत्रित मोजणीत लाभ सिद्ध झाला नाही. पाठीच्या कण्याच्या उद्दीपनाची डिफीट-एचएफ ही चाचणीही निष्फळ ठरली. कानाच्या पाळीसमोरील उंचवट्याला बाहेरून लावायच्या क्लिपद्वारे व्हेगसला चेतना देण्याचे प्रयोग सुरू आहेत. त्यात शस्त्रक्रिया नसल्याने आकर्षण मोठे आहे, पण आजवरच्या चाचण्या लहान आहेत.

पायांच्या स्नायूंना वीज

हृदय दुर्बल झाले की रुग्ण बसून राहतो आणि बसून राहिल्याने मांडी व पोटरीचे स्नायू झिजतात. मग थोडे चालणेही जड होते. ज्यांना सायकल किंवा चालण्याचा व्यायाम झेपत नाही, अशांच्या मांड्यांवर व पोटऱ्यांवर चिकटपट्ट्या लावून सौम्य विद्युतलहरींनी स्नायू आकुंचित करण्याची पद्धत युरोपात अनेक लहान चाचण्यांत तपासली गेली. रोज अर्धा ते एक तास आणि काही आठवडे असा तिचा क्रम असतो. त्यातून चालण्याचे अंतर आणि स्नायूंची ताकद वाढते. मात्र ज्याला व्यायाम करता येतो, त्याने व्यायामच करावा. हृदयाच्या आकुंचनावर या पद्धतीचा थेट परिणाम होत नाही.

हा उपचार तुलनेने स्वस्त आहे आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली लहान गावातही देता येण्याजोगा आहे. परंतु ज्याच्या छातीत पेसमेकर किंवा आयसीडी आहे, त्याने डॉक्टरांच्या परवानगीवाचून अशी पट्टी लावू नये. बाहेरची वीज यंत्राची दिशाभूल करू शकते. ‘हृदय बळकट करणारा’ म्हणून बाजारात विकला जाणारा पट्टा किंवा चुंबकीय उपकरण यांना या संशोधनाचा आधार नाही.

किंमत आणि पुनर्वापर

सीआरटी आणि आयसीडी यांची किंमत शेतमजूर कुटुंबाच्या आवाक्यापलीकडची असते. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. विशिष्ट यंत्र त्यात बसते की नाही, हे दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातील योजना-कक्षात विचारून घेणे इष्ट. दुसऱ्या राज्यात उपचार घ्यायचे असल्यास तर हे अधिकच आवश्यक आहे.

मुंबईतील अनुभवाने आणखी एक वाट दाखवली आहे. अमेरिकेत रुग्णांच्या शरीरातून काढलेली, पण तीन वर्षांहून अधिक बॅटरी शिल्लक असलेली आयसीडी यंत्रे निर्जंतुक करून मुंबईतील गरजू रुग्णांना बसवण्यात आली. ८१ रुग्णांत बसवलेल्या अशा १०६ यंत्रांचा वृत्तान्त २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्रामुळे संसर्ग झाल्याची एकही नोंद त्यात नव्हती आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत यंत्राने आवश्यक तेव्हा योग्य उपचार दिला. २०२० मध्ये लॅटिन अमेरिकेतील देशांतील एक हजाराहून अधिक रुग्णांच्या पाहणीतही पुनर्वापराच्या यंत्रांत संसर्गाचे प्रमाण लक्षणीय वाढल्याचे आढळले नाही.

चाचणीत सहभागी होण्यापूर्वी

प्रायोगिक उपचार घेणे चुकीचे नाही. आजचा सिद्ध उपचार हा कालच्या कोणा रुग्णाने स्वीकारलेला प्रयोगच असतो. पण प्रयोग हा प्रयोग म्हणूनच सांगितला गेला पाहिजे. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार नव्या उपकरणाच्या माणसांवरील चाचणीला केंद्रीय परवानगी आणि नैतिकता समितीची संमती लागते. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई यांची तरतूद आहे. औषधांच्या चाचण्यांची नोंद भारतीय चाचणी नोंदवहीत करणे १५ जून २००९ पासून बंधनकारक झाले आणि उपकरणांच्या चाचण्याही तेथे नोंदल्या जातात. ही नोंद कोणालाही विनामूल्य पाहता येते.

संमतीपत्र रुग्णाला कळणाऱ्या भाषेत असावे. बैहरच्या रुग्णासाठी ती हिंदी, मराठी किंवा गोंडी असू शकते. वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्षपाती साक्षीदार असावा. सही किंवा अंगठा देण्यापूर्वी कुटुंबाने पाच प्रश्नांची उत्तरे घ्यावीत. हा उपचार मान्य आहे की चाचणीतील? त्याने आयुष्य वाढते, की केवळ त्रास कमी होतो? तुलनेच्या गटात गेल्यास काय मिळेल? चाचणी संपल्यावर यंत्राची तपासणी, बॅटरी आणि ते काढण्याचा खर्च कोण करील? आणि यंत्र तपासण्यासाठी वर्षातून किती वेळा, कोठवर जावे लागेल? चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा अधिकार रुग्णाला आहे आणि त्यामुळे त्याचा नेहमीचा उपचार थांबता कामा नये.

यंत्राच्या आधीची पायरी

सीआरटीसह या सर्व यंत्रांच्या चाचण्यांत एक समान अट असते. रुग्णाने आधी पुरेसा काळ, सामान्यतः तीन महिने, योग्य औषधे योग्य मात्रेत घेतलेली असावीत. कारण अनेकांचे हृदय औषधांनीच इतके सुधारते की यंत्राची गरज उरत नाही. आज दुर्बल पंपासाठी चार गटांतील औषधे एकत्र दिली जातात. त्यांपैकी डापाग्लिफ्लोझिनचे भारतातील पेटंट ऑक्टोबर २०२० मध्ये संपले आणि त्याच्या किमती झपाट्याने उतरल्या. स्पायरोनोलॅक्टोन आणि बीटा ब्लॉकर ही औषधे तर जुनी व स्वस्त आहेत. त्यांच्यासोबत रक्तदाब, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाची तपासणी मात्र नियमित हवी.

म्हणूनच बैहरसारख्या ठिकाणी विजेच्या उपचाराची सुरुवात ईसीजीच्या पट्टीपासून होते. सरकारी रुग्णालयात काढलेल्या त्या पट्टीवर क्यूआरएस रुंद दिसली, तर सीआरटीसाठी नागपूरची वाट धरण्यास ठोस कारण मिळते. ती अरुंद असेल, तर औषधांवर भर द्यावा हे कळते. इकोची एक तपासणी झडपेचा दोष आणि पंपाची ताकद दोन्ही सांगते. गोव्यात बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय बहुतेक तालुक्यांपासून दोन-अडीच तासांत गाठता येते. त्यामुळे सत्तरी किंवा काणकोणच्या रुग्णाला ही पायरी सोपी आहे. बैहरच्या रुग्णाला ती गाठण्यासाठी दिवस मोडावा लागतो, पण कसोट्या दोघांनाही त्याच लागू पडतात.

रोज सकाळी वजन करणे, मीठ कमी ठेवणे, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढल्यास डॉक्टरांना कळवणे आणि बरे वाटले म्हणून गोळ्या न थांबवणे या चार गोष्टींना वीज लागत नाही. ज्याने त्या पाळल्या आहेत आणि तरीही ज्याची धाप कमी होत नाही, त्याच्यासाठीच यंत्राचा प्रश्न उभा राहतो. त्या वेळी सिद्ध यंत्र कोणते आणि प्रायोगिक कोणते हे विचारणे हा रुग्णाचा अधिकार आहे आणि त्याचे स्पष्ट उत्तर देणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.